राजकारणाला कंटाळून बेटावर जायचंय? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच सुरातली आहेत. पक्ष फुटतात, आघाड्या बदलतात, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं होतात. हे सगळं सोडून लांबच्या एखाद्या बेटावर जाऊन राहता येईल का? स्थलांतराचे कायदे, परकीय चलन आणि बेटांवरचा रोजचा व्यवहार यांची माहिती असलेल्यांकडून उत्तरं घेतली आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं वाचलं. आम्ही दोघं आयटीत, वयं ४१ आणि ३८, मुलगी दहा वर्षांची. सरळ जाऊन राहता येईल का?
— एक वाचक, पुणे

व्हिसा लागत नाही हे खरं आहे. ९ फेब्रुवारी १९२० च्या स्वालबार्ड कराराने आर्क्टिकमधल्या या द्वीपसमूहावर नॉर्वेची सत्ता मान्य झाली. मात्र करारात सामील देशांच्या नागरिकांना तिथे जाण्याची, राहण्याची आणि उद्योग करण्याची समान मुभा राहिली. भारत या करारात आहे. नॉर्वे प्रत्यक्षात कुठल्याच देशाच्या माणसाकडे तिथे राहायचा परवाना मागत नाही.

अडचण वाटेत आहे. विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून जातं, म्हणजे आधी नॉर्वेच्या मुख्य भूमीत शिरावं लागतं आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) हवा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. तिथे पाऊल टाकलंत की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, परतताना पुन्हा आत येणार. म्हणून व्हिसा दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच मागा. एकदाच प्रवेशाचा घेतलात तर परतीच्या वेळी दार बंद असतं. दोन-तीन वर्षं राहून मग निघायचं म्हटलं, तर तेव्हाही वैध शेंगेन व्हिसा हातात लागेल.

दुसरी अडचण घराची, आणि ती जास्त मोठी. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, त्याची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. बहुतेक घरं सरकारी संस्थांची आणि कंपन्यांची आहेत, ती नोकरीबरोबर मिळतात आणि नोकरीबरोबरच जातात. भाड्याचं घर शोधत फिरायला मोकळा बाजार जवळजवळ नाहीच. जमीन गोठलेली असल्याने इमारती खांबांवर उभ्या कराव्या लागतात. डिसेंबर २०१५ मधल्या हिमस्खलनात अकरा घरं गेली आणि दोन जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर कुठे बांधायचं यावरही मर्यादा आल्या. तेव्हा आधी नोकरी, मग घर, मग तिकीट. उलट्या क्रमाने गेलेल्यांची बचत हॉटेलच्या बिलात संपते.

आयटीतले आहात म्हणून घरून काम करण्याचा विचार असेल. इंटरनेट उत्तम आहे, समुद्राखालच्या दोन फायबर केबल मुख्य भूमीला जोडतात. जानेवारी २०२२ मध्ये त्यातली एक बिघडली होती, दुसरीवर काम चालू राहिलं. पण पुण्यातली कंपनी तुम्हाला तिथे छप्पर देणार नाही. तिथे प्रत्यक्षात मिळणारी कामं पर्यटन, हॉटेलचं स्वयंपाकघर, सफाई, दुरुस्ती आणि बांधकामातली. थायलंड आणि फिलिपिन्सच्या लोकांची तिथे चांगली वस्ती आहे, तीही याच कामांवर उभी आहे. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून स्वालबार्डमधल्याच न्यू-ओलेसुन्दला आहे आणि ते गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालतं. तिथे संशोधक ठरावीक मोहिमेपुरते जातात. ती वाट संसार थाटण्यासाठी नाही.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. तिथे नोकरी गेली तर सांभाळणारी सरकारी मदत नाही. ज्याला स्वतःचा खर्च भागवता येत नाही, त्याला परत पाठवण्याचा अधिकार तिथल्या गव्हर्नरला, म्हणजे सिसेल्मेस्टरला आहे. दवाखाना लहान आहे. गर्भवती स्त्रियांना प्रसूतीच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जावं लागतं. तुमच्या मुलीची शाळा नॉर्वेजियन माध्यमाची असेल. आणि स्वालबार्डमध्ये काढलेली वर्षं नॉर्वेच्या कायम रहिवासासाठी किंवा नागरिकत्वासाठी धरली जात नाहीत. दहा वर्षं राहिलात तरी कागदोपत्री तुम्ही पहिल्याच पायरीवर.

हवामान: अक्षांश ७८ उत्तर. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. डोंगरामुळे गावात ऊन पोहोचतं ते ८ मार्चच्या सुमारास, आणि त्याचा उत्सव आठवडाभर चालतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उलटं, सूर्य मावळतच नाही. थंडीची तयारी कपड्यांनी होते. झोप बिघडते ती मात्र या उजेड-अंधारामुळे, आणि पहिल्या हिवाळ्यात परत फिरणाऱ्यांचं हे नेहमीचं कारण. उन्हाळ्यासाठी पूर्ण अंधार करणारे पडदे आणि हिवाळ्यासाठी डॉक्टरांना विचारून ‘ड’ जीवनसत्त्व, हे सामानाच्या यादीत वर ठेवा. वस्तीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ असणं बंधनकारक आहे. २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं. मांजर पाळायला बंदी आहे. ‘तिथे मरायला बंदी आहे’ हे मात्र खोटं. शवपेटीचं दफन होत नाही, एवढंच.

तिथे निदान आपल्या मताला किंमत असेल ना? इथे कुणाला मत दिलं आणि ते कुठे गेलं, काही कळत नाही.
— एक वाचक, नाशिक

स्वालबार्डबद्दल विचारत असाल तर उत्तर ‘नाही’ असं आहे. लाँगइयरब्येनला २००२ पासून निवडून आलेली स्थानिक परिषद आहे. पूर्वी परदेशी रहिवासीही तिच्यासाठी मतदान करू शकत. २०२२ मध्ये नॉर्वेने नियम बदलला: जे नॉर्वेचे नागरिक नाहीत, त्यांनी आधी मुख्य भूमीवर तीन वर्षं काढलेली असली पाहिजेत, तरच मत देता येतं आणि उभं राहता येतं. वर्षानुवर्षं तिथे राहून कर भरणाऱ्या अनेकांचा मताधिकार त्यामुळे गेला. हा निर्णय ऑस्लोत झाला. दूरच्या बेटांचे बहुतेक मोठे निर्णय असेच दुसरीकडे होतात.

आपलं इथलं मत टिकवायचं असेल तर भारतीय नागरिकत्व सोडू नका आणि अर्ज ६अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवा. हा अर्ज मोफत आहे, पासपोर्टावर ज्या गावचा पत्ता आहे तिथल्या यादीत नाव लागतं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. सैनिकांना असते तशी टपाली सोय सामान्य अनिवासी भारतीयाला नाही. बेटावरून मतदानासाठी येण्याचा खर्च पाहता ही नोंद बहुतेकांची कागदावरच राहते.

मला खरंच कोणी पोहोचणार नाही अशी जागा हवी आहे. ट्रिस्टन द कुन्हा किंवा पिटकेर्न?
— एक वाचक, कोल्हापूर

ट्रिस्टन नाही. दक्षिण अटलांटिकमधलं हे ब्रिटिश बेट केपटाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटरवर आहे. विमानतळ नाही, जहाजाला साधारण आठवडा लागतो आणि वर्षभरात जेमतेम आठ-दहा फेऱ्या होतात. अडीचशेहून कमी वस्ती. जमीन सगळ्यांची सामाईक, गुरं किती पाळायची यावरही बंधन, कारण एका घराकडे जास्त जमलं तर कुरण संपतं. बाहेरच्याला जमीन विकत मिळत नाही आणि स्थायिकही होता येत नाही. नुसतं पाहायला जायचं तरी बेटाच्या परिषदेची मंजुरी आणि पोलिसांचा दाखला लागतो. जहाज बेटासमोर पोहोचलं तरी लाटा मोठ्या असल्या तर उतरता येत नाही, त्यामुळे परतीच्या तारखेवर पुढचं विमान बांधू नका. १९६१ मध्ये ज्वालामुखीमुळे सगळ्या बेटाला इंग्लंडला हलवलं होतं. तिथली सोयीची घरं आणि नोकऱ्या सोडून बहुतेकांनी १९६३ मध्ये परत यायचं ठरवलं. असं घट्ट गाव नवा माणूस घेत नाही यात नवल नाही.

पिटकेर्नचं उलटं आहे. त्यांना माणसं हवी आहेत. १७९० मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडखोरांनी वसवलेल्या पॅसिफिकमधल्या या बेटावर आता पन्नासेक माणसं उरली आहेत, तीही वयस्क. स्थायिक होण्यासाठी अर्ज करता येतो, मंजूर झाला तर घरासाठी जमीन मिळते. तरीही अर्ज अगदी मोजके येतात. कारणं साधी आहेत. विमानतळ नाही, फ्रेंच पॉलिनेशियातल्या मांगारेव्हाहून बोटीने दीड दिवस लागतो. सामान न्यूझीलंडहून येतं. पगाराच्या नोकऱ्या हातावर मोजण्याइतक्या आणि त्या आधीच वाटलेल्या, त्यामुळे स्वतःचं उत्पन्न घेऊन जावं लागतं. शिवाय लाकूडकाम, मोटारदुरुस्ती, नळकाम, बोट हाकणं यातलं काही येत नसेल तर तुम्ही इतरांवर भार होता. भारतीय पासपोर्टवाल्याला वाटेतल्या न्यूझीलंड आणि फ्रेंच पॉलिनेशियाचे व्हिसे वेगळे.

राजकारणापासून सुटका म्हणाल, तर पन्नास माणसांत दोन-तीन कुटुंबांचं मन फिरलं की बहुमत फिरतं. आणि ज्याच्याशी बैठकीत वाद झाला, त्याच्याच बोटीत दुसऱ्या दिवशी बसायचं असतं.

तुमचा हट्ट अटलांटिकचाच असेल तर सेंट हेलेना पाहा. २०१७ पासून जोहान्सबर्गहून नियमित विमान आहे, वस्ती चारेक हजार, २०२३ पासून समुद्राखालच्या केबलचं इंटरनेट आहे. आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च धरणारा विमा तिथे जाण्याआधीच काढून ठेवावा लागतो.

एक एजंट म्हणतो, वानुआतूचा पासपोर्ट दीड-दोन महिन्यांत मिळेल, तिथे जाऊन राहायचीही गरज नाही. घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

तुम्ही लिहिता की उद्देश ‘देशातल्या राजकारणापासून दूर’ जाण्याचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाची संसद बरखास्त झाली, १७ डिसेंबरला ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने राजधानी पोर्ट व्हिला हादरली आणि जानेवारीत निवडणूक झाली. अविश्वासाचे ठराव तिथे इतके नेहमीचे की आपल्याकडची फोडाफोड सौम्य वाटावी.

पासपोर्टाचं म्हणाल, तर एकट्या अर्जदारासाठी तिथल्या सरकारला द्यायची देणगी १,३०,००० डॉलरच्या आसपास असते. एजंटची फी वेगळी. हा पासपोर्ट ज्यामुळे खपत होता ती युरोपची व्हिसामुक्त सोय युरोपीय संघाने २०२२ मध्ये स्थगित केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण काढून घेतली. एजंटच्या माहितीपत्रकात जुनी यादी छापलेली असेल तर ती आधी तपासा. दिलेलं नागरिकत्व परतही घेतलं जातं: मार्च २०२५ मध्ये ललित मोदी यांचं नागरिकत्व रद्द करण्याचे निर्देश तिथले पंतप्रधान जोथम नापाट यांनी दिले.

आता भारताची बाजू. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. तो लपवून वापरत राहणं गुन्हा आहे आणि नंतर ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज करताना हे उघड होतं. ओसीआयवाल्याला मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

पैसे पाठवताना: निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. शिक्षण आणि उपचार सोडून इतर कारणांसाठी वर्षाला १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. डॉलर ८८ रुपये धरला तर १,३०,००० डॉलर म्हणजे १ कोटी १४ लाख ४० हजार. त्यातले १० लाख सोडून उरलेल्यावर कपात २० लाख ८८ हजार. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात मिळवून घेता येतो, पण तोवर अडकतो. एजंट हा आकडा सांगत नाहीत.

परदेश कशाला? निवृत्तीनंतर आम्हा दोघांना लक्षद्वीप किंवा अंदमानला राहायचं आहे.
— एक वाचक, सातारा

लक्षद्वीपला जायला भारतीयालाही परवाना लागतो, १९६७ च्या प्रवेश व निवास नियमांनुसार. एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटं दहा, २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ लोक. बाहेरच्यांना तिथे जमीन मिळत नाही, आणि ते योग्यही आहे. गोड्या पाण्याचा पातळ थर वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, जास्त उपसा झाला की विहीर खारट होते. म्हणून कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. वरचं कोमट पाणी निर्वात टाकीत वाफ होतं, आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून खेचलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी होते. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. प्रत्येक नवं कुटुंब या हिशोबात बसवावं लागतं. फिरायला जा, राहायचा विचार सोडा.

अंदमान शक्य आहे. श्री विजयपुरम (सप्टेंबर २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर) इथे भारतीयाला परवाना लागत नाही, भाड्याने घर मिळतं. आदिवासी राखीव क्षेत्रं आणि निकोबार मात्र वेगळ्या पासाशिवाय बंद. जमीन घेण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष भाड्याने राहा. मोठं रुग्णालय एकच, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय. हृदयविकार असेल तर त्या रुग्णालयापासून तासाभराच्या आतच घर बघा. लहान बेटावरची बोट खवळलेल्या समुद्रात सुटत नाही.

पाण्याचा हिशोब असा. पाऊस भरपूर, पण जानेवारी ते एप्रिल कोरडे, आणि धानीखारी धरण आटलं की नळाला पाणी काही दिवसांआड येतं. दोघांना दिवसाला १०० लिटर धरा, १२० दिवसांचे १२,००० लिटर. छत ६० चौरस मीटर असेल तर १ मिलिमीटर पावसाचे ६० लिटर होतात. गळती-उडणं २० टक्के वजा करून ४८. म्हणजे २५० मिलिमीटर पावसात टाकी भरते, आणि तेवढा पाऊस पावसाळ्यातल्या एका महिन्यात सहज पडतो. अडचण पावसाची नाही, १२,००० लिटरची टाकी ठेवायला जागा आणि पाया करण्याची आहे. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडणारी तोटी लावाच, कारण छतावर समुद्राचं मीठ आणि पक्ष्यांची घाण साठलेली असते. साधा जस्ती पत्रा समुद्राकाठी लवकर गंजतो. ॲल्युमिनियमचा घ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

राहिलं राजकारण. दोन्ही ठिकाणी विधानसभा नाही, खासदार प्रत्येकी एकच, कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाचा किंवा नायब राज्यपालाचा. २०२१ मध्ये लक्षद्वीपच्या मसुदा नियमांवरून आणि त्यानंतर ग्रेट निकोबारच्या बंदर प्रकल्पावरून केवढे वाद झाले, ते वर्तमानपत्रात तुम्ही वाचलेच असतील. साताऱ्यात निदान आमदाराच्या दारात जाऊन बसता येतं.

स्वतःचं बेट विकत घेऊन स्वतःचे कायदे केले तर?
— एक वाचक, डोंबिवली

बेटाची मालकी मिळते, सत्ता मिळत नाही. ते ज्या देशाच्या हद्दीत आहे त्याचेच कायदे आणि कर लागतात. कुणाच्याच नसलेल्या जागेवर प्रयोग झालेले आहेत. १९७२ मध्ये पॅसिफिकमधल्या मिनर्व्हा प्रवाळावर वाळू टाकून अमेरिकेतल्या एका गटाने ‘प्रजासत्ताक’ जाहीर केलं. त्याच वर्षी टोंगाने माणसं पाठवून तो प्रवाळ आपला केला. २०१९ मध्ये फुकेतजवळ समुद्रात घर बांधून राहिलेल्या जोडप्यावर थायलंडने सार्वभौमत्वाला धोका असल्याचा गुन्हा नोंदवला आणि नौदलाने घर ओढून नेलं. या प्रश्नाला एवढं पुरे.

दोन-तीन वर्षांसाठी जायचं ठरलं तर सातबारा, घर, बँक यांचं काय करायचं?
— एक वाचक, रत्नागिरी

आधीची शेतजमीन अनिवासी झाल्यावरही तुमचीच राहते, वारसाने आलेलीही राहते. नवी विकत घेता येत नाही. निघण्याआधी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका. त्यात कामं नेमकी लिहा: पीकपाहणी, वीजबिल, घरपट्टी, भाडेकरार. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर तसं स्पष्ट वाक्य घाला. हेच परदेशातून करायचं तर भारतीय दूतावासात जावं लागतं. स्वालबार्डहून तो ऑस्लोत, म्हणजे तीन तासांचं विमान. बाहेर केलेला दस्त भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नाहीतर दंड.

अनिवासी झालात की साधं बचत खातं अनिवासी (एनआरओ) खात्यात बदलून घ्या. बँकेशी जोडलेला भारतीय मोबाइल क्रमांक चालू ठेवा, कारण बेटावर नेटवर्क नसलं की ओटीपी येत नाही आणि सगळं तिथेच थांबतं. निघण्याआधी रोमिंगवर ओटीपी येतो का हे कंपनीकडून तपासून घ्या. भारतातलं उत्पन्न वर्षाला १५ लाखांवर असेल आणि इतर कुठल्याच देशात तुम्ही करदाते नसाल, तर बाहेर राहूनही भारतात निवासी मानले जाऊ शकता. सीएला हा प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारा.

आधी महिनाभर जाऊन बघावं म्हणते. कधी जावं, काय पाहावं?
— एक वाचक, नागपूर

सर्वांत वाईट ऋतूत जा. स्वालबार्डला डिसेंबर-जानेवारीत, अंदमानला जूनमध्ये. तिकीट परतीच्या तारखेत बदल करता येणारं घ्या. पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी विचारा: मागच्या वर्षी बोट किंवा विमान सलग जास्तीत जास्त किती दिवस बंद होतं, तेव्हा दुकानात काय संपलं, दात दुखला तर लोक कुठे जातात, आणि शेवटचा बाहेरचा माणूस का निघून गेला. चौथ्याचं उत्तर दुकानदार किंवा शिक्षक देतील, पर्यटन कार्यालय देणार नाही. रोजची औषधं राहण्याच्या दुप्पट दिवसांची न्या, चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. इन्सुलिन असेल तर थंडीत ते गोठण्याचाही धोका असतो. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वापरायचं नाही. ते सामानाच्या बॅगेत न टाकता अंगाजवळ ठेवा.